ब्रिटिश म्युझियम बघावं अक्षरांच्या मागे मागे

लंडनला निघालेले ओळखीचे लोक मला विचारतात, ब्रिटिश म्युझियमला किती वेळ ठेवावा? मी त्यांना आधी विचारतो, तिथे काय बघायचं ठरवलंत? कारण त्या संग्रहात सुमारे ८० लाख वस्तू आहेत आणि मांडलेल्या साधारण ८० हजार. शंभरात एक म्हणा. तेवढंही एका दिवसात बघून होत नाही. 'सगळं बघू' म्हणून गेलेला माणूस दुपारपर्यंत पायांनी थकतो, आणि संध्याकाळी त्याला नीट आठवत काहीच नाही. म्हणून जाण्यापूर्वी एक धागा पकडा. नाणी चालतील, दागिने चालतील, नुसते घोडे बघत फिरलात तरी दिवस सार्थकी लागेल.

माझा धागा अक्षरांचा. आयुष्यभर मुद्रितशोधन केलं, आधी खिळ्यांच्या छापखान्यात आणि पुढे संगणकावर. डोळ्यांना सवयच लागली आहे. मुलगा लंडनला असल्यामुळे तिकडे जाणं होतं आणि म्युझियमही होतं. दगडात कोरलेली, ओल्या मातीत टोचलेली, लाकडाच्या पातळ पट्टीवर शाईने लिहिलेली अक्षरं एकामागून एक बघत जाण्याचा एक रस्ता मी मनाशी पक्का केला आहे. तोच इथे सांगतो. लिपी वाचता येण्याची गरज नाही. ओळ कुठून सुरू होते, कुठे संपते, लिहिणाऱ्याने जागा कशी भागवली, एवढं बघता आलं की पुरे.

आधी व्यवहाराचं बोलू. कायमस्वरूपी दालनांना प्रवेश फुकट आहे. दारापाशी ५ पौंड देणगी सुचवलेली असते. ती ऐच्छिक असली तरी जमत असेल तर द्या. संकेतस्थळावरून वेळेचं मोफत तिकीट आधीच काढून ठेवा, सुट्ट्यांच्या दिवसांत तर नक्कीच. म्युझियम रोज सकाळी १० ते संध्याकाळी ५ उघडं असतं, शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत. २४, २५ आणि २६ डिसेंबरला बंद. माझं मत विचाराल तर शुक्रवारी दुपारी दोन-अडीचला जा. पाचनंतर शाळांच्या सहली आणि पर्यटकांचे जथे ओसरतात आणि वस्तूसमोर उभं राहायला निवांत जागा मिळते. जाण्याच्या दिवशी सकाळी संकेतस्थळावर बंद दालनांची यादी जरूर बघा. एखादं दालन अचानक बंद असू शकतं. शिवाय पश्चिमेकडच्या दालनांचं मोठं नूतनीकरण ठरलेलं आहे, आणि आपल्या रस्त्यातली काही दालनं नेमकी त्याच बाजूला आहेत.

चाकांची बॅग घेऊन जाऊ नका, आत घेत नाहीत. पिशव्यांची तपासणी होतेच, तेव्हा सामान जितकं कमी तितकी रांग लवकर सरकते. बरोबर वयस्कर माणसं असतील तर टॉटनहॅम कोर्ट रोड स्टेशनला उतरा, तिथे फलाटापासून रस्त्यापर्यंत लिफ्ट आहे. हीथ्रोहून एलिझाबेथ लाइन थेट तिथे येते. पिकाडिली लाइनने येणाऱ्यांना हॉबर्न किंवा रसेल स्क्वेअर जवळ पडेल. फोटो काढता येतात, पण ट्रायपॉड आणि सेल्फी स्टिक चालत नाही. मोबाइल चार्ज करून न्या. फोटोंपेक्षा तो भिंग म्हणून जास्त उपयोगी पडतो. काचेमागची बारीक अक्षरं कॅमेऱ्यात मोठी करून बघा, फ्लॅश मात्र बंद ठेवा. एक छोटी वही आणि पेन्सिलही असू द्या.

म्युझियमला दोन दारं आहेत. ग्रेट रसेल स्ट्रीटचं दार म्हणजे फोटोंत दिसतं ते, ग्रीक देवळासारख्या ४४ खांबांचं. रॉबर्ट स्मर्क या वास्तुकाराची ती रचना. मागचं दार माँटेग्यू प्लेसवर. चालू असेल तर मी मागच्या दाराने जातो. तिथली रांग बहुतेक वेळा लहान असते आणि जवळच ३३ क्रमांकाचं दालन लागतं. चीन आणि दक्षिण आशियाचं हे लांबलचक दालन. आपली सुरुवात इथून.

या दालनात वाळूच्या दगडाचा एक तुकडा आहे. आकाराने मोठा नाही, त्याच्यापुढे गर्दीही नसते. मेरठच्या अशोकस्तंभाचा हा तुकडा. पुढे तो स्तंभ दिल्लीला नेला गेला आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला स्फोटात फुटला. तुकड्यावर सहाव्या स्तंभलेखाचा काही भाग ब्राह्मी लिपीत आहे, इ.स.पू. २३८ च्या सुमाराचा. या सहाव्या लेखात अशोक सांगतो की राज्याभिषेकानंतर बारा वर्षांनी त्याने लोकांच्या हितसुखासाठी धम्माचे लेख लिहवून घ्यायला सुरुवात केली. आपण लिहायला कधी आणि कशासाठी लागलो, हे राजा स्वतःच नोंदवतो आहे. माझ्यासारख्याला तिथून हलवत नाही.

इथे जाण्यापूर्वी ब्राह्मीची पाच-सहा अक्षरं वहीत काढून न्या. क म्हणजे बेरजेचं चिन्ह. ग म्हणजे खाली उघडलेला कोन, घराच्या छपरासारखा. ठ म्हणजे नुसतं वर्तुळ, आणि आजच्या ठ मध्ये तो गोल अजून आहेच. ट म्हणजे उजवीकडे उघडं अर्धवर्तुळ. न म्हणजे आडव्या रेघेवर उभी रेघ. र म्हणजे वरून खाली आलेली नागमोडी रेघ. डोक्यावर शिरोरेघ नाही, ती पुष्कळ नंतर आली. आता स्वरचिन्हं बघा. अक्षराच्या माथ्याशी उजवीकडे छोटी आडवी रेघ असेल तर आ, डावीकडे असेल तर ए. उकार तेव्हाही खालीच. माझ्या नातीला मी असा कागद दिला होता. ती एकेका अक्षरावर बोट रोखून ते कागदावर शोधत होती, आणि 'आजोबा, याला उकार आहे' म्हणाली तेव्हा शेजारचे दोन अनोळखी प्रवासीही वाकून बघायला लागले. मुलांना घेऊन जाणार असाल तर हा कागद विसरू नका. ही लिपी १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने उलगडली. तोपर्यंत कित्येक शतकं हे लेख लोकांच्या डोळ्यांसमोर होते, पण वाचणारं कुणी नव्हतं.

याच दालनाच्या टोकाला ३३ अ मध्ये आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाचे शिल्पपट आहेत, काचेच्या भिंतीमागे. शिल्पं देखणी आहेतच, पण काही पटांच्या कडेने गेलेली ब्राह्मीची बारीक ओळ चुकवू नका. त्यात दान देणाऱ्यांची नावं असतात. राजेच नव्हेत, तर गृहस्थ, व्यापारी, भिक्खुणी, त्यांची मुलंबाळं.

तिथून २४ क्रमांकाच्या दालनातून मधल्या चौकात या. ग्रेट कोर्ट म्हणतात तो हाच. नॉर्मन फॉस्टर यांच्या कचेरीने केलेलं त्याचं काचेचं छत २००० साली पुरं झालं. त्यात ३,३१२ काचा आहेत आणि कुठलीही दुसरीसारखी नाही. मान वर करून एकदा बघा आणि पश्चिमेला वळा. ४ क्रमांकाच्या दालनात रोझेटा शिळा आहे.

गर्दी असणारच. बहुतेक लोक समोरून एक फोटो काढतात आणि सरकतात. तुम्ही समोर जागा मिळायची वाट बघू नका, आधी बाजूला जा. शिळेच्या डाव्या कडेवर इंग्रजीत रंगवलं आहे की ब्रिटिश सैन्याने १८०१ मध्ये ती इजिप्तमध्ये हस्तगत केली. उजव्या कडेवर आहे की राजा तिसरा जॉर्ज याने ती भेट दिली. १७९९ मध्ये ती नेपोलियनच्या सैनिकांना रशीद गावापाशी सापडली, इंग्रजांनी त्यांना हरवल्यावर करारातून घेतली आणि १८०२ पासून ती इथे आहे. वस्तू इथे कशी आली हे या म्युझियममध्ये प्रत्येक कपाटापुढे विचारायला हवं, आणि इथे तर उत्तर शिळेवरच लिहिलेलं आहे. ते वाचल्याशिवाय शिळा बघितली असं मी मानत नाही.

मग पुढच्या बाजूला या. वर चित्रलिपी, मधे डेमॉटिक ही इजिप्तची रोजच्या वापरातली लिपी, खाली ग्रीक. मजकूर एकच, इ.स.पू. १९६ चा, इजिप्तचा राजा पाचवा टॉलेमी याच्या गौरवाचा पुजाऱ्यांनी काढलेला जाहीरनामा. वरचा भाग तुटल्यामुळे चित्रलिपीच्या १४ ओळीच उरल्या. त्यातल्या खालच्या ओळींत लांबट गोलाकार चौकटी शोधा. राजाचं नाव अशा चौकटीत लिहीत. वाचायचं उजवीकडून. छोटा चौकोन, मग अर्धवर्तुळ, दोरीचा फास, बसलेला सिंह, अशी चिन्हं दिसली की तो टॉलेमी. टॉमस यंग या इंग्रज अभ्यासकाने हीच चौकट धरून सुरुवात केली आणि शांपोलियों या फ्रेंच अभ्यासकाने १८२२ मध्ये लिपीची रीत उलगडली. आणखी एक गोष्ट बघा. पूर्वी या शिळेवर काळपट मेण होतं आणि अक्षरांत पांढरा रंग भरलेला. १९९९ मध्ये ते सगळं काढलं, पण खाली डाव्या कोपऱ्यात एक लहानसा तुकडा पूर्वीसारखाच ठेवला आहे. आधी कशी दिसायची आणि खरी कशी आहे, दोन्ही शेजारी शेजारी दिसतं. हात लावायचा मोह झाला तर थांबा, शेवटच्या दालनात त्याची सोय आहे.

इथून अश्शूर या आजच्या इराकमधल्या प्राचीन राज्याची दालनं, ६ ते १०. ७ क्रमांकाच्या दालनात दुसऱ्या अशुरनासिरपालच्या निमरूदच्या राजवाड्यातले दगडी पट आहेत, इ.स.पू. नवव्या शतकातले. राजा, पंखवाले रक्षक, सेवक, आणि या सगळ्यांच्या अंगावरून, कपड्यांच्या नक्षीवरून कीलाक्षरांचा, म्हणजे पाचरीसारख्या खुणांच्या लिपीचा, एक पट्टा आडवा गेलेला. मजकूर राजाच्या पदव्यांचा, विजयांचा आणि राजवाडा बांधल्याचा, आणि तो पटापटावर पुन्हा पुन्हा कोरलेला आहे. चित्राखाली ओळ घालणारे आम्ही, इथे चित्राच्या छातीवर ओळ! राजाला मजकूर किती महत्त्वाचा वाटत असेल ते यावरून कळतं. पुढे १० मध्ये अशुरबनिपालची सिंहांची शिकार आहे. बाण लागून मागचे पाय फरफटत चाललेली सिंहीण सगळे बघतात, तुम्हीही बघाच. पण नंतर राजाच्या कमरेकडे नजर टाका. पट्ट्यात मातीवर लिहायच्या लेखण्या खोचलेल्या दिसतील. आपल्याला लिहिता-वाचता येतं याचा त्याला मोठा अभिमान होता, म्हणून शिकारीच्या चित्रातही लेखणी सोडलेली नाही.

आता बसा. खरोखर बसा, अर्धा तास. चौकात चहा-कॉफी मिळते, पण महाग आणि गजबजाट. हवा बरी असेल तर बाहेर पडून रसेल स्क्वेअरच्या बागेत बसायला मला आवडतं. परत येताना पुन्हा तपासणीची रांग लागेल हे लक्षात ठेवा.

वरच्या मजल्यावर ५६ पासून उलट्या क्रमाने यायचं. ५६ मध्ये लिहिण्याची सुरुवातच आहे. मातीच्या छोट्या पाट्यांवर धान्य, बिअर, मजुरी यांचे हिशेब. याच दालनात नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाची तक्रार आहे, इ.स.पू. १७५० च्या आसपासची. उर गावच्या इआ-नासिर नावाच्या व्यापाऱ्याने हलकं तांबं दिलं आणि माझ्या माणसाला अपमान करून परत पाठवलं, असं तो लिहितो. पाटीच्या दोन्ही बाजू भरून त्याने मजकूर बसवला आहे. मातीवरची अक्षरं समोरून सपाट दिसतात. मान थोडी डावीकडे-उजवीकडे हलवा, उजेड तिरका पडला की एकेक खूण खोल उठून दिसते.

५५ हे माझं सगळ्यात आवडतं दालन. सिंहांची शिकार करणाऱ्या त्याच अशुरबनिपालचं निनेवे या राजधानीतलं ग्रंथालय इथे आहे. तीस हजारांहून अधिक पाट्या आणि तुकडे सापडले. इ.स.पू. ६१२ मध्ये शत्रूने निनेवे जाळलं. कागद असता तर राख झाली असती. माती आगीत भाजून आणखी कडक झाली आणि म्हणून ग्रंथालय वाचलं. त्यात तळहाताएवढी एक तुटकी पाटी आहे, गिलगामेश या प्राचीन महाकाव्याच्या अकराव्या पाटीचा भाग, जलप्रलयाच्या कथेचा.

ती वाचणारा माणूस आमच्या धंद्यातला होता, म्हणून सविस्तर सांगतो. जॉर्ज स्मिथ, जन्म १८४०. घरची परिस्थिती बेताची. चौदाव्या वर्षी त्याला लंडनच्या ब्रॅडबरी अँड इव्हान्स या छापखान्यात नोटांचं कोरीवकाम शिकायला ठेवला. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तो या म्युझियममध्ये येऊन पाट्या बघत बसायचा. बघता बघता लिपी शिकला, इतकी की म्युझियमने त्यालाच कामावर घेतलं. ठसा कोरणाऱ्याची नजर होती. कुठला तुकडा कुठल्या तुकड्याला जुळतो, कुठली खूण अर्धी तुटली आहे, हे त्याला दिसायचं. १८७२ मध्ये ही पाटी साफ होऊन हातात आली आणि त्याने वाचलं की जहाज डोंगरावर टेकलं, मग पक्षी सोडला, तो बसायला जागा न मिळाल्याने परत आला. बायबलमधली कथा, पण बायबलबाहेर. तो आनंदाने खोलीभर धावू लागला आणि अंगावरचे कपडे उतरवू लागला असं सांगतात. ३ डिसेंबर १८७२ रोजी त्याने ते जाहीर वाचून दाखवलं, तेव्हा पंतप्रधान ग्लॅडस्टन सभेत होते. मग एका वृत्तपत्राच्या खर्चाने तो निनेवेला गेला आणि कथेचा आणखी एक तुकडा शोधून आणला. १८७६ मध्ये अशाच एका मोहिमेवरून परतताना अलेप्पोजवळ आजारी पडून वारला. वय अवघं ३६. त्या पाटीसमोर मी घाई करत नाही, तुम्हीही करू नका. जिथे ती तुटली आहे त्या कडेला ओळी कशा अर्ध्यावर थांबतात ते बघा. पुढचा शब्द काय असेल, हे त्याने आयुष्य खर्चून शोधलं.

५२ मध्ये इराणचा प्राचीन राजा सायरस याचा दंडगोल, साडेबावीस सेंटिमीटर लांबीचा, मधे फुगलेल्या पिंपाच्या आकाराचा. सायरसने इ.स.पू. ५३९ मध्ये बॅबिलोन घेतलं, त्यानंतरचा हा लेख. गोल अंगावर ओळी सरळ कशा राखल्या असतील, हे चारही बाजूंनी जमेल तितकं फिरून बघा.

तिथून ४९, रोमन ब्रिटन. दिवे मंद असतात कारण इथे लाकडावरची शाई जपायची आहे. विंडोलँडा या सरहद्दीवरच्या लष्करी ठाण्यात पाणथळ मातीत पोस्टकार्डाएवढ्या पातळ लाकडी पट्ट्या सापडल्या. त्यातलं एक पत्र इ.स. १०० च्या सुमाराचं आहे. क्लॉडिया सेवेरा आपल्या मैत्रिणीला, सुल्पिसिया लेपिडिनाला, ११ सप्टेंबरच्या वाढदिवसाचं आमंत्रण देते. दोघींचे नवरे सैन्यातले अधिकारी. पत्राचा मुख्य मजकूर लेखनिकाच्या सराईत हाताचा आहे, ओळी नेटक्या. पण खाली उजव्या कोपऱ्यात अक्षर बदलतं. हात थोडा अडखळणारा, ओळी आखूड. तिथे सेवेराने स्वतः लिहिलं आहे की मी तुझी वाट बघेन, आणि मैत्रिणीला बहीण म्हणून निरोप घेतला आहे. बाईच्या हाताने लिहिलेल्या लॅटिनचा इतका जुना नमुना दुर्मीळ. मंद उजेडात डोळे सरावायला एक-दोन मिनिटं लागतात, तेवढा धीर धरा. लेखनिकाचं अक्षर कुठे संपलं आणि तिचं कुठे सुरू झालं, हे लॅटिन न येताही स्पष्ट दिसतं.

पाय बोलत असतील तर इथून थेट खाली उतरा. दम असेल तर ४१ मध्ये देवमाशाच्या हाडाची फ्रँक्स पेटी आहे, आठव्या शतकातली, चित्रांच्या चारही कडांनी रून ही उत्तर युरोपातली जुनी लिपी. समोरच्या बाजूचा मजकूर त्या माशाविषयीच आहे, आणि खालची ओळ उलटी, उजवीकडून डावीकडे जाते. उजव्या बाजूचा खरा पट फ्लॉरेन्सला आहे, इथे त्याची प्रतिकृती.

शेवटी तळमजल्यावर १ क्रमांकाचं दालन, तिसऱ्या जॉर्जच्या ग्रंथसंग्रहासाठी बांधलेलं. लांबच लांब, दोन्ही बाजूंना पुस्तकांची कपाटं. इथे रोझेटा शिळेची प्रतिकृती आहे आणि तिला खुशाल हात लावता येतो. बोट आधी चित्रलिपीवरून फिरवा, मग ग्रीकवरून. कोरणाऱ्याने अक्षर किती बारीक घेतलं होतं ते डोळ्यांपेक्षा बोटाला चांगलं कळतं. स्वयंसेवक जुन्या वस्तू हाताळायला देणारी टेबलंही काही दालनांत मांडतात. टेबल चालू असेल तर संकोच न करता पुढे व्हा, ते लोक हौसेने सांगतात.

त्या राजाचे मूळ ग्रंथ आता इथे नाहीत. ते सेंट पँक्रासच्या ब्रिटिश लायब्ररीत गेले, इथून चालत साधारण वीस मिनिटं. तिथलं निवडक ग्रंथांचं दालनही फुकट आहे आणि ज्यांना अक्षरांची ओढ लागली त्यांनी ते सोडू नये. पण त्याच दिवशी नको. शुक्रवारी म्युझियम केलंत तर लायब्ररी शनिवारी सकाळी, डोळे ताजे असताना.